बाळ निजले की निजवले?

घरात तान्हे मूल आले म्हणजे रात्र घराची राहत नाही, ती त्या तीन किलोच्या जिवाची होते. त्याने म्हटले की दिवा लावायचा, त्याने म्हटले की मालवायचा. सकाळी कचेरीत डुलक्या घेणाऱ्या नव्या बापाला सहकारी विचारतात, "काय राव, चिरंजीव झोपू देत नाहीत वाटतं?" आणि तो अभिमानाने हसतो. रात्रभर मांडीवर मूल घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या बाईला मात्र असे कोणी विचारीत नाही. तिला सल्ले मिळतात. शेजारीण म्हणते जायफळ दे, मावशी म्हणते दृष्ट काढ, आणि सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं. रात्र-रात्र पोरं हूं की चूं करीत नसत."

या शेवटच्या वाक्यापाशी मी पुष्कळदा अडले आहे. मी मराठीची प्राध्यापिका, वैद्यक हा काही माझा विषय नव्हे. पण माहेर धुळ्याचे आणि सासर जळगावचे असल्यामुळे खानदेशच्या दोन्ही टोकांच्या म्हाताऱ्या बायकांशी बोलण्याचा योग मला भरपूर आला, आणि जुन्या काळची पोरे एवढी शांत कशी निजत, याचे उत्तर त्यांच्याच तोंडून हळूहळू कळत गेले. काही मुले खरोखरच निजत असतील. एकत्र कुटुंबात दहा मांड्या असत. एक आखडली की मूल दुसरीवर जाई. पण आणखी एक कारण होते, आणि ते सांगताना या बायकांचा आवाज खाली येत असे. त्या कारणाचे नाव बाळगोळी.

बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. तिच्यात सुगंधासाठी आणखी दोन-चार जिनसा घातलेल्या असत, पण काम करी ती अफूच. माळवा आम्हांला शेजारचा. तिथली अफू मुंबईच्या बंदरावर जायची, आणि सरकारी परवान्याच्या दुकानात ती उघड विकत मिळे. माझ्या आजेसासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे चांगल्या खात्यापित्या घरांतूनही फडताळात या गोळ्यांची डबी असे. सुरुवात मोहरीएवढ्या गोळीने व्हायची. मूल वाढले की बाजरी, मग ज्वारी. आईच्या दुधात बोटाने कालवून ती चाटवली, की मूल चार-सहा तास हलत नसे.

माझी धुळ्याची आजी याहून जवळचे सांगे. तिची आई जीनमध्ये कामाला होती. ज्यांनी जीन पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते: कापसातून सरकी वेगळी करण्याचा हा कारखाना. दिवाळी झाली, शेतातला कापूस गाड्यांत भरून यायला लागला, की त्याचा हंगाम सुरू होई आणि उन्हाळ्यापर्यंत चाले. यंत्रांच्या रांगेसमोर बायका बसत आणि हाताने कापूस आत घालत. हवेत तंतू एवढे, की चार हातांवरचे माणूस धूसर दिसावे. तान्हे मूल असलेली बाई ते घरी कोणाजवळ ठेवणार? आणि कामावर नेले तर यंत्राजवळ ते रांगत गेले म्हणजे? आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती आणि पाठच्या भावाला सांभाळण्याचे काम तिच्याकडे होते. ती आपल्या अहिराणीत सांगे, "गोयी दिधी का पोऱ्या जपी जाये. मायले कामवर जानं पडे, मंग काय करती ती?"

त्या भावाला गोळीची सवय लागली, तशी ती अपुरी पडू लागली. गोळी चुकली की तो किंचाळत सुटे, हातपाय झाडी, हगवण लागे. मग पुन्हा गोळी. भूक मेलेली, पोट नगाऱ्यासारखे, हातापायांच्या काड्या. एका हंगामात दुकान बदलले आणि नवी गोळी जरा जास्त कडक निघाली असावी. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत निजूनच राहिला. आजीला वाटले, बरे झाले, आज त्रास नाही. तो उठला नाही. आजीने हे मला एकदाच सांगितले, भाकरी थापता थापता, आणि नंतर तव्याकडे बघत राहिली.

हे आमच्याच मुलखाचे पाप होते असे कोणी समजू नये. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांना, अमेरिकेत १८६१ ते १८६५ ही यादवी चालू असताना, खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, त्या गिरण्यांतल्या इंग्रज मजूर बायकाही आपल्या मुलांना अफूच देत. तिथे तिचे नाव होते गॉडफ्रीज कॉर्डियल. गोळीऐवजी गोड पाक, एवढाच फरक. अमेरिकेत मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप नावाची बाटली १८४९ पासून घरोघर गेली. तिच्यात मॉर्फिन होते. दात येणाऱ्या बाळाला शांत झोप, अशी तिची जाहिरात असे, आणि चित्रात गुबगुबीत मूल नि प्रसन्न आई. १९०६ साली तिथे औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला आणि बाटलीवर आतला माल लिहिणे भाग पडले, तेव्हा आयांना कळले की आपण काय पाजत होतो. कापूस जिथे जिथे गेला तिथे तिथे ही गोळी त्याच्या मागोमाग गेली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. मुलाला झोप हवी होती म्हणून ती दिली जात नव्हती. आईला पाळीवर जायचे होते म्हणून दिली जात होती.

मराठीच्या वर्गात मी प्रयोजक क्रियापदे शिकवते तेव्हा हेच उदाहरण घेते. 'बाळ निजते' यात कर्ता बाळ आहे. 'आई बाळाला निजवते' यात कर्ता बदलला; निजण्याची गरज कोणाची, हा प्रश्न आता उघडा राहिला. तसे आईने बाळाला निजवावे यात गैर काहीच नाही, थोपटणे-गाणे हे निजवणेच आहे. पण निजवण्यात निजणे उरले आहे की नाही, हे पाहायला हवे. अफूने मूल निजत नसे, बेशुद्ध होई. (जाता जाता: आजीच्या वाक्यातले 'जपी जाये' पुण्याकडच्या विद्यार्थ्यांना नेहमी फसवते. अहिराणीत जपणे म्हणजे झोपणे. प्रमाण मराठीत जपणे म्हणजे सांभाळणे. दोन्ही शब्दांचे मूळ एक की दोन यावर भाषेच्या लोकांनी वाद घालावा. मला मात्र तो योगायोग फार आवडतो.)

ही गोष्ट सरकारदरबारी लिहिली गेली ती १९२२ साली. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करण्यासाठी डॉक्टर बार्न्स या बाईंची नेमणूक केली होती. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. शंभरातली दोनच वाचली! पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना, आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे बजावले. १९२९ साली तो कायदा झाला. हिंदुस्थानातला तसला तो पहिला. १९३१ साली मजूरविषयक शाही कमिशनचा अहवाल आला. कारखान्यांत यंत्रांच्या गोंगाटात, धुळीत, गोणपाटावर निजवलेली पोरे कमिशनच्या सभासदांनी पाहिली होती, आणि अफूची चाल मोडायची तर कारखान्यात पाळणाघर हवे, हा त्यांचा निष्कर्ष होता. उपदेश करून ही चाल जाणार नाही हे त्या साहेबांना कळले, हे मला विशेष वाटते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने, जिथे पन्नासाहून जास्त बायका कामाला आहेत तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९५९ साली खाण्यासाठी अफू विकणे देशभर बंद झाले. अर्थात असे कायदे झाले तसतशा मुंबईच्या गिरण्यांनी बायकाच कमी केल्या, हेही सांगायला हवे. पाळणाघर बांधण्यापेक्षा बाई न ठेवणे स्वस्त पडते.

आता एवढा इतिहास कशाला उगाळला, असे कोणी म्हणेल. अफू गेली, जीनमध्ये आता यंत्रेच बहुतेक काम करतात, जळगावची जुनी खानदेश मिल बंद पडून कैक वर्षे झाली. तर त्याचे कारण आमच्या शेजारी घडले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपे राहते. तो बँकेत, ती शाळेत शिक्षिका. मुलगी आठ महिन्यांची. बाईंची रजा संपली, शाळा सुरू झाली, आणि नेमकी त्याच महिन्यात मुलगी रात्री चार-चार वेळा उठू लागली. एके दिवशी जिन्यात ती भेटली. डोळे खोल गेलेले. म्हणाली, "काकू, काल मात्र सात तास झोपली हो. औषधाच्या दुकानातून आणलं होतं, सर्दीचंच आहे, पण झोप छान लागते म्हणे."

मी म्हटले, "मुलीला सर्दी आहे का?"

"नाही."

"बाटली घेऊन ये बघू खाली."

तिने आणली. माझा चष्मा आणि तिचे डोळे, दोघींनी मिळून ते मुंगीएवढे अक्षर वाचले. चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे त्यावर स्पष्ट छापलेले होते. सर्दीच्या ज्या औषधांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी असते, त्यांच्या बाटलीवर ही सूचना छापावी असा हुकूम देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. त्यातल्या पहिल्या द्रव्याने झोप येते हे खरे. पण ती येते मेंदूला गुंगी आणून, आणि लहान मुलाचा श्वास तिने मंदावू शकतो. काही मुलांना तर उलट चेव चढतो आणि ती रात्रभर नाचतात. ती बाई गप्प बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, मला सकाळी साडेसहाला निघायचं असतं."

पाहा, हेच ते वाक्य. माझ्या पणजीला जीनच्या भोंग्याला निघायचे असे.

म्हणून तिला नुसते "देऊ नकोस" म्हणून चालणार नव्हते. आम्ही दोघी तिच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या माणसाने अर्धा तास दिला, आणि त्यांनी जे सांगितले त्यात पुढे माझ्या वाचनातून आणि दोन्ही घरच्या अनुभवातून जी भर पडली ती सगळी मिळून इथे देते.

पहिली गोष्ट ही, की तान्ह्या मुलाची झोप आपल्या झोपेची छोटी आवृत्ती नसते. पहिल्या तीन महिन्यांत मूल दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. कारण पोट लहान आणि दूध लवकर पचते. त्याला रात्र म्हणजे काय हेच ठाऊक नसते. शरीरातले घड्याळ साधारण दोन-तीन महिन्यांनी लागू लागते. त्याआधी "हिने दिवसाची रात्र केली" म्हणून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही. आणखी एक गंमत आहे. शिकागो विद्यापीठात अझेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी १९५३ साली दाखवून दिले की झोपेत काही वेळ डोळे पापण्यांखाली भराभर फिरत असतात. त्या शोधाची सुरुवात अझेरिन्स्कीने तान्ह्या मुलांच्या पापण्या न्याहाळण्यापासून केली होती. नवजात मुलाची निम्मी झोप अशी हलती असते. त्या वेळी ते हसते, तोंड वाकडे करते, कण्हते, एखादा हुंदकाही देते. आपल्या आज्या म्हणत, सटवाई खेळवते आहे, मध्ये बोलू नका. कारण काहीही असो, सल्ला अचूक होता! हल्लीची आई त्या पहिल्या हुंदक्याला दिवा लावते, उचलते, आणि निजलेल्या मुलाला खरोखरच जागे करते. मूल कुरकुरले की मनात शंभर अंक मोजावेत. पुष्कळदा साठाच्या आत ते पुन्हा गाढ झालेले असते.

दुसरी गोष्ट उजेडाची. घड्याळाला किल्ली देतो तो सूर्य. सकाळी उठल्यावर मुलाला ओसरीत, गच्चीत, निदान खिडकीशी न्यावे. दिवसा निजले तरी घर अंधारे नि चिडीचूप करू नये, भांडी वाजू द्यावीत. उलट दिवेलागणीनंतर घर मंद व्हायला हवे. आमच्या वरच्या घरी नेमके याच्या उलट होते. दिवसा पडदे ओढलेले, आणि रात्री साडेनवाला बाबा आले की ट्यूबलाइट, दूरदर्शनसंच, मोबाइल, आणि मुलीला वर फेकून झेलण्याचा कार्यक्रम. बाबांची बिचाऱ्यांची तेवढीच भेट, त्यांना तरी काय दोष द्यावा? पण डॉक्टरांनी त्यांना सकाळचे सहा ते सात दिले. आता ते सकाळी मुलीला घेऊन समोरच्या मैदानात जातात आणि रात्री घरात येताना जोडे हातात घेऊन येतात.

तिसरी गोष्ट क्रमाची. मुलाला वेळ कळत नाही, क्रम कळतो. ओल्या फडक्याने अंग पुसणे, सुती झबले, दूध, दिवा मंद, मग गाणे. रोज हेच, याच क्रमाने. चार-सहा दिवसांत झबल्याबरोबर डोळे जड व्हायला लागतात. गाणे एकच असावे आणि कंटाळवाणे असावे. आपल्याकडे या बाबतीत थोडा घोटाळा आहे. बारशाला किंवा रामनवमीला जे 'पाळणे' म्हणतात ते चारचौघींनी टिपेच्या आवाजात म्हणायचे, सोहळ्याचे गाणे आहे. त्याने देवसुद्धा जागे होतात. निजवायला लागते ती अंगाई, तिला चाल अशी जवळजवळ नसतेच. एका श्वासाएवढी ओळ आणि पुन्हा तीच ओळ. आईचा आवाज चांगला नसला तरी बिघडत नाही. रेकॉर्ड लावून पाहिली तर ती संपली की मूल डोळे उघडते, असे माझ्या वहिनीचे निरीक्षण आहे.

आता सहा महिन्यांनंतरच्या मुलाविषयी. या वयात रात्री उठणे हा दोष नाही. आपणही उठतो, कूस बदलतो आणि विसरून जातो. मुलाच्या झोपेचे आवर्तन तासाभरातच पुरे होते, त्यामुळे ते अधिक वेळा वर येते. वर आल्यावर ते पाहते की झोपताना जे होते ते आता आहे का. तोंडात स्तन असताना निजले असेल तर तोच हवा असतो. झोळीच्या हेलकाव्यात निजले असेल तर हेलकावा. म्हणून दूध गाण्याच्या आधी संपवावे आणि मूल पेंगुळलेले पण जागे असताना अंथरुणावर ठेवून थोपटावे. पहिले आठ दिवस ते रडेल. अमेरिकेत डॉक्टर फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकापासून, वाढत्या अंतराने जाऊन धीर द्यावा पण उचलू नये, ही रीत फार चालली. आपल्या इमारतींतून ती तंतोतंत चालणे कठीण. तिसऱ्या मिनिटाला खालच्या काकू दार वाजवतात (त्या काकू मीच). जवळ बसून, हात अंगावर ठेवून, न उचलता रडू द्यायला हरकत नाही. भुकेल्या, आजारी किंवा चार महिन्यांच्या आतल्या मुलाला मात्र असल्या शिस्तीत मुळीच ओढू नये.

झोळीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण आम्ही सगळी जुन्या नऊवारी साडीच्या झोळीतच वाढलो. पण आता जाणते डॉक्टर सांगतात की मुलाला सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर निजवावे. झोळीत मान पुढे दुमडते आणि लहान जिवाचा श्वास कोंडू शकतो. पालथे व्हायला लागलेले मूल तिच्यात अडकण्याची किंवा बाहेर पडण्याची भीती वेगळी. अमेरिकेत १९९४ पासून 'मुले पाठीवर निजवा' अशी मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या मुलांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, हे ऐकल्यावर आठवणींचा आग्रह धरवत नाही. दुपारी कोणी जागे माणूस जवळ बसून झोका देत असेल तर गोष्ट निराळी. रात्री झोळी नको. मोहरीची उशीही नको. वर्षाच्या आत उशीच नको. आमच्याकडे थंडीही बोचरी असते, तेव्हा गोधडी मुलाच्या तोंडावर ओढण्याची जुनी खोड आहे. तिच्याऐवजी अंगात एक कपडा जास्त घालावा. आणि कुशीत घेऊन निजायचे तर गादी घट्ट असावी, मूल दोन मोठ्या माणसांच्या मध्ये चेपलेले नसावे, आणि ज्याने तंबाखू ओढली आहे किंवा 'घेतली' आहे, त्याने त्या रात्री दुसरे अंथरूण धरावे.

उन्हाळ्याचे आमचे गाऱ्हाणे पुण्यामुंबईकडच्यांना कळायचे नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडीत असतात. पूर्वी धाब्याच्या घरांवर सगळी आळी वर निजायला जाई. आता फ्लॅटमध्ये कूलर आला. कूलरचा झोत सरळ अंगावर नको, एवढे सांभाळून मुलाला एका पातळ झबल्यात मोकळे ठेवावे. मानेला मागून हात लावून पाहावा. घामाने ओली लागली तर मूल तापले आहे, हातपाय गार लागले म्हणून घाबरून पांघरूण घालू नये. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला तहानेसाठी पाणी नव्हे, आईचे दूधच वारंवार द्यावे. त्यात पाणी पुरेसे असते. रात्रीच्या दुधात तर झोपेला मदत करणारे मेलाटोनिनही असते, म्हणजे निसर्गाची बाळगोळी आईजवळच ठेवलेली आहे.

आणि जायफळ? बाळगुटीच्या सहाणेवर खारीक, बदाम, हळकुंड, मुरडशेंग यांच्या रांगेत ते असतेच. माझ्या सासूबाई त्याचा एकच वेढा देत, तोही अर्धा, आणि दुसऱ्या कोणाला सहाणेला हात लावू देत नसत. त्यांच्या या मापाचा मला आदर आहे, कारण जायफळ जास्त झाले की ते विष आहे हे त्यांना ठाऊक होते. पण सहाण धुतलेली आहे की नाही, उगाळणारा हात कोणाचा, आज जायफळ ताजे की जुने, यावर ज्याची मात्रा ठरते, ते तान्ह्या मुलाला रोज का द्यावे? सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको, असे डॉक्टर म्हणतात. मधाचे बोट तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातून क्वचित होणारा एक विकार मुलाच्या स्नायूंतली शक्तीच काढून घेतो. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडात निघाले तेव्हापासून कितीतरी वर्षे त्यात अल्कोहोल होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले त्याने "शांत" होत, यातच सगळे आले.

एक-दोन वर्षांच्या मुलांची तक्रार वेगळी असते. ती निजायलाच तयार नसतात. या वयाला अकरा ते चौदा तास झोप लागते, दुपारची धरून. दुपारी पाचपर्यंत निजलेले मूल रात्री अकरालाही टक्क जागे असते, यात त्याचा दोष काय? दुपारची झोप साडेतीनच्या सुमारास मोडावी. जेवणाबरोबर मोबाइल दाखवण्याची सवय घरोघर लागली आहे. निजण्याआधी तासभर तो दिसूच नये, आणि मोठ्यांच्या हातातही नसावा. अंधाराची भीती वाटली तर तिची चेष्टा करू नये, बारीक दिवा ठेवावा. आणि "झोप नाहीतर बागुलबुवा येईल" हे निजवणे नव्हे.

वरच्या मजल्यावर याहून मोठा बदल झाला तो रात्रीच्या वाटणीचा. रात्री दोनपर्यंत मुलगी उठली तर आई उठते, त्यानंतर बाबा. रविवारी आजी, म्हणजे बाबांची आई, ती दोंडाईच्याहून आली आहे. पहिले काही दिवस बाबांना रडणे ऐकूच येत नसे. आता येते. २०१७ सालच्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली ती या बाईला मिळाली, म्हणून निदान पहिले सहा महिने निभावले. दिवाळी आटोपली की आमच्याच खानदेशातून, साक्री-चाळीसगावकडून, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना ती कोण देणार? त्यांची तान्ही मुले फडाच्या कडेला, गाडीखाली बांधलेल्या झोळीत निजतात, आणि आई पहाटे चारला कोयता घेऊन निघते. त्यांना मी वरची एकही गोष्ट कोणत्या तोंडाने सांगू? तिथे आधी पाळणाघर हवे, हे १९३१ च्या साहेबांना कळले होते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे, तेही सांगते. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल, वजन वाढत नसेल, कानाला हात लावून रडत असेल, तर थांबू नये. आणि जे मूल एरवी उठायचे ते दुधालाही उठत नसेल, हलवून जागे करावे लागत असेल, तर "आज शांत निजले" म्हणून आनंद मानू नये. तसेच उचलून न्यावे. बाळंतीण आठवडेच्या आठवडे उदास असेल, मूल निजले तरी तिला झोप येत नसेल, तर तिलाही न्यावे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी दारात असेल. या चार रात्री सगळी शिस्त मोडणार हे धरून चाला. पाहुणे दहाला मुलाचा गालगुच्चा घेतील, लवंग्या अकराला फुटतील. रस्त्याच्या बाजूची खिडकी लावून मुलाला आतल्या खोलीत निजवा, कानात कापूस कोंबू नका, आणि दचकून उठले तर छातीशी धरून बसा; त्या रात्री उचलायला काही हरकत नाही. धुराने खोकला आला तर दुकानातली बाटली आणू नका. भाऊबीजेच्या रात्रीपासून पुन्हा तेच झबले, तोच मंद दिवा, तेच कंटाळवाणे गाणे. तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते.